मराठी वृत्तपत्रे व वाचकसमाज

मराठी वृत्तपत्रे व वाचकसमाज : वृत्तपत्र आणि ते ज्यांच्यासाठी निघते तो समाज यांच्यातील परस्परसंबंधांचा मराठी भाषक प्रदेशातील इतिहास. हा संबंध दुहेरी असतो. वृत्तपत्र वाचकांना वार्ता व विचार पुरविते, तर वाचक वर्गणी, पत्रव्यवहार, संकटकाळातील साहाय्य आणि प्रसंगी उघड विरोध यांच्या द्वारे वृत्तपत्राला वळण लावीत असतात. आपण लोकांच्या वतीने बोलतो, असे प्रत्येक वृत्तपत्राने कमीअधिक प्रमाणात मानले. तथापि ‘लोक’ या शब्दात कोणाकोणाचा समावेश होतो, याविषयी मात्र एकवाक्यता नव्हती. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा विस्तार मुख्यतः या प्रश्नाच्या अनुरोधाने झाला, असे तिच्या इतिहासाकडे पाहता दिसून येते.

आरंभकाळ : बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबई येथे दर्पण हे पत्र सुरू केले. ते प्रारंभी पाक्षिक होते व त्याच वर्षी साप्ताहिक झाले. त्याच्या पानावर इंग्रजी व मराठी मजकुराचे स्तंभ शेजारी शेजारी असत. या मांडणीवरून त्याच्या वाचकांची कल्पना येते. एतद्देशीयांचे म्हणणे इंग्रज राज्यकर्त्यांस कळावे आणि पाश्चात्त्य ज्ञान व देशोदेशीच्या घडामोडी एतद्देशीयांस समजाव्यात, असा त्यामागील हेतू होता. साहजिकच त्याचा वाचकवर्ग सरकारी अधिकारी, नवशिक्षित तरुण, व्यापारी व पंडित यांच्यापुरता मर्यादित राहिला. १८४० मध्ये दर्पण बंद पडले. त्याच वर्षी संपूर्णपणे मराठीत निघणारे मुंबई अखबार हे पत्र सुरू झाले.

भाऊ महाजन (गोविंद विठ्ठल कुंटे) यांनी १८४१ मध्ये काढलेल्या प्रभाकर या साप्ताहिकाने वाचकांच्या पत्रांना मोठे स्थान दिले. १८४८ पासून त्यात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने पत्ररूप निबंध प्रसिद्ध होऊ लागले. त्यांचे लेखक गोपाळ हरि देशमुख (१८२३–९२) हे सरकारी नोकरीत होते. एकूण १०८ पत्रांची ही माला शतपत्रे या नावाने ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी सामाजिक चिंतनाचा हा सर्वांत महत्त्वाचा ऐवज संपादकीय लेखांच्या रूपाने नव्हे, तर संपादकास लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने पुढे आला, ही बाब लक्षणीय आहे. वृत्तपत्र हे संपादकाचे एकट्याचे व्यासपीठ नसून वाचकाच्याही मताला तेथे जागा आहे, ही कल्पना त्यामुळे मराठीत लवकर रुजली. पुढे ज्ञानोदय (१८४२), ज्ञानप्रकाश (१८४९), इंदुप्रकाश (१८६२) इ. पत्रांतून धर्मांतर, स्त्रीशिक्षण, विधवाविवाह या विषयांवर जे वाद झाले, त्यांतही वाचकांच्या पत्रांचा भरणा मोठा होता.

वाचनाची सामाजिक रीत : वृत्तपत्राच्या खपाचा आकडा व त्याचा प्रत्यक्ष प्रभाव यांत त्या काळी मोठे अंतर असे. १९०१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण सु. ५.३५ टक्के होते आणि स्त्रियांच्या बाबतीत ते १ टक्क्याहूनही कमी होते. असे असताही वृत्तपत्रांतील मजकूर निरक्षरांपर्यंत पोहोचत असे, याचे कारण सामुदायिक वाचन हे होय. गावातील शाळा, देऊळ, दुकान किंवा चावडी येथे एकाने अंक मोठ्याने वाचावा व इतरांनी तो ऐकावा, अशी रीत होती. शहरांतून हे कार्य सार्वजनिक वाचनालयांनी केले. ठाणे येथील मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांसारख्या संस्थांमुळे वर्गणी न परवडणाऱ्यासही नियतकालिके वाचावयास मिळू लागली. एक अंक अनेकांच्या हाती जात असल्याने वृत्तपत्राचा प्रभाव वाढत असे. परंतु त्याच कारणाने वर्गणीदारांची संख्या तोकडी राही. अंक नियमाने घेऊन वर्गणी थकविणाऱ्यांची तक्रार त्या काळातील संपादकांनी वारंवार केलेली आढळते. अनेक पत्रे सरकारी रोषापेक्षा थकबाकीमुळेच बंद पडली.

कायदा आणि लोकाश्रय : १८३५ मध्ये मेटकाफ याने मुद्रणावरील परवान्याचे बंधन उठविले, परंतु १८५७ च्या उठावाच्या वेळी ते तात्पुरते पुन्हा लादण्यात आले. १८७० मध्ये राजद्रोहाचे कलम (१२४ अ) भारतीय दंडसंहितेत घालण्यात आले. १८७८ च्या देशी भाषा वृत्तपत्र अधिनियमान्वये देशी भाषांतील पत्रांकडून हमी घेण्याचा व त्यांचे मुद्रणसाहित्य जप्त करण्याचा अधिकार शासनास मिळाला. इंग्रजी पत्रे यातून वगळलेली होती. सरकारला धास्ती वाटत होती, ती देशी भाषांच्या वाचकाची, हेच या भेदावरून स्पष्ट होते. हा कायदा रिपनच्या कारकीर्दीत १८८२ मध्ये रद्द झाला.

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात केसरी (मराठी) व मराठा (इंग्रजी) ही साप्ताहिके सुरू झाली. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांना मिळणाऱ्या वागणुकीसंबंधी या पत्रांनी संस्थानच्या कारभाऱ्यांवर टीका केली. तीस आधारभूत मानलेली पत्रे पुढे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी प्रदर्शित केली, तरीही १८८२ मध्ये गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) व बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांना बदनामीच्या आरोपावरून चार महिन्यांची शिक्षा झाली. या प्रकरणात केसरीकर्त्यांशी अनेक बाबतींत मतभेद असलेल्या सत्यशोधक समाजाने दाखविलेली सहानुभूती विशेष उल्लेखनीय आहे. जोतीराव फुले (१८२७–९०) यांचे स्नेही रामशेट उरवणे हे आरोपींना जामीन राहिले आणि सुटकेनंतर त्यांचा सत्कार करण्यातही सत्यशोधक मंडळी पुढे होती. आधाराची पुरेशी पडताळणी न करता मजकूर छापण्यातील धोका या खटल्याने दाखवून दिला. त्याचबरोबर संपादकाचा हेतू शुद्ध आहे असे लोकांना वाटले, तर त्याची चूकही ते पदरात घेतात, हेही त्यातून दिसून आले.

लोकांची ही क्षमाशीलता सर्वच बाबतींत टिकली नाही. मतभेदांमुळे केसरीपासून दूर झालेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक हे पत्र काढले. बालविवाह, केशवपन, सोवळेओवळे इ. रूढींवर त्यांनी केलेल्या परखड टीकेमुळे पुण्यातील सनातनी मंडळींनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या संपादकामागे उभा राहणारा समाज स्वतःविरुद्ध लिहिलेले सहन करण्यास तयार नव्हता. वाचकांच्या मताचे प्रतिनिधित्व करावे की त्यांना न रुचणारे सत्य सांगावे, हा वृत्तपत्रव्यवसायातील मूलभूत पेच मराठीत या प्रसंगाने प्रथमच इतक्या ठळकपणे पुढे आला.

१८९७ मध्ये प्लेगनिवारणाच्या नावाखाली पुण्यात झालेल्या जुलमावर केसरीने टीका केली. रँडच्या वधानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला जाऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खटल्यासाठी देशभरातून, विशेषतः बंगालमधून, निधी जमा झाला. १९०८ मध्ये शिवराम महादेव परांजपे (१८६४–१९२९) यांना काळ या पत्रातील लेखांबद्दल आणि टिळकांना केसरीतील लेखांबद्दल शिक्षा झाल्या. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात येताच मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. या कामगारांपैकी बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. वृत्तपत्राचा समाज हा त्याच्या वर्गणीदारांपुरता मर्यादित नसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात क्वचितच आढळेल. १९१० च्या मुद्रण अधिनियमाने संपादकांकडून जामीनरकमा मागण्यास सुरुवात झाली. काळ त्याच वर्षी बंद पडले.

वगळलेल्यांची वृत्तपत्रे : प्रस्थापित वृत्तपत्रांचे संपादक, लेखक व बहुतांश वर्गणीदार उच्चवर्णीय सुशिक्षितांपैकी होते. शेतकरी, कामगार, अस्पृश्य व स्त्रिया यांचे प्रश्न या पत्रांत येत, ते बहुधा इतरांच्या नजरेतून. या स्थितीला उत्तर म्हणून स्वतंत्र वृत्तपत्रांची एक परंपरा उभी राहिली. कृष्णराव भालेकर (१८५०–१९१०) यांनी १८७७ मध्ये पुण्यात दीनबंधु हे पत्र सुरू केले. १८८० पासून ते मुंबईहून नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी चालविले. लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे सादर केला. साप्ताहिक सुटी, कामाचे तास व वेतन यांविषयीच्या मागण्या दीनबंधुतून सातत्याने मांडल्या गेल्या. १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटीची मागणी मान्य केली. वाचकाची बाजू नुसती मांडून न थांबता त्यास संघटित करणे, हे या पत्राचे वैशिष्ट्य होय. गोपाळबाबा वलंगकर यांनी अस्पृश्यतेविरुद्ध केलेले लेखनही दीनबंधुतून प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या पत्राची सूत्रे तानुबाई बिर्जे यांच्याकडे आली. आद्य भारतीय स्त्री-संपादकांत त्यांची गणना होते.

स्त्रियांविषयी वृत्तपत्रे काय लिहीत आणि स्त्रियांना ते कसे वाटे, याचा पुरावा म्हणून ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुषतुलना (१८८२) हा निबंध पाहता येतो. सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेस भ्रूणहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली असता तिच्या निमित्ताने सर्व स्त्रीजातीला दूषणे देणारे लेखन पुणेवैभव या पत्रात आले होते. त्याने व्यथित होऊन ताराबाईंनी हा निबंध लिहिला. वृत्तपत्राच्या एका वाचक स्त्रीने त्यास दिलेले हे उत्तर पुस्तकरूपाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावे लागले.

ग्रामीण भागात मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) यांनी १९१० मध्ये सुरू केलेले दीनमित्र हे साप्ताहिक अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून दीर्घकाळ प्रसिद्ध होत होते. शहराबाहेर, मुद्रणाच्या सोयी नसलेल्या ठिकाणाहून अर्धशतकाहून अधिक काळ चाललेले हे पत्र शेतकरी वाचकांच्या बोलीशी जवळीक राखून होते.

शिवराम जानबा कांबळे यांच्या सोमवंशीय मित्र (१९०८) या पत्रानंतर अस्पृश्यांच्या पत्रकारितेला निश्चित दिशा दिली ती भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांच्या प्रेरणेने मूकनायक हे पाक्षिक निघाले. त्यास छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. मूकनायकची जाहिरात पैसे देऊ केले असताही केसरीने छापली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. ज्या पत्राच्या संपादकासाठी निरक्षर कामगारांनी संप केला होता, त्याच पत्राच्या पानावर अस्पृश्यांच्या वृत्तपत्राच्या जाहिरातीला जागा मिळू नये, ही घटना ‘लोक’ या शब्दाच्या तत्कालीन मर्यादा दाखविणारी आहे. मूकनायक अल्पायुषी ठरले. त्यानंतर बहिष्कृत भारत (१९२७), जनता (१९३०) व प्रबुद्ध भारत (१९५६) ही पत्रे निघाली. बहिष्कृत भारतातील बहुतेक मजकूर आंबेडकरांना स्वतःच लिहावा लागे. त्याचा वाचकवर्ग अत्यंत निर्धन असल्याने पत्राची आर्थिक ओढाताण कधीच संपली नाही. ज्या समाजाला वृत्तपत्राची निकड अधिक, त्याचीच ते पोसण्याची ऐपत कमी, हा अनुभव या सर्व पत्रांना आला.

बातमीप्रधान वृत्तपत्र : नारायण भिकाजी परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात सकाळ हे दैनिक सुरू केले. अमेरिकेत शिक्षण घेतलेल्या परुळेकरांनी अग्रलेखापेक्षा बातमीला महत्त्व दिले आणि गावोगावच्या वार्ताहरांकडून स्थानिक वार्ता मिळविण्याची पद्धती पाडली. बाजारभाव, नगरपालिकेचा कारभार, पाणीपुरवठा यांसारखे दैनंदिन विषय त्यामुळे वृत्तपत्रात आले. वाचक हा उपदेश घेणारा शिष्य नसून स्वतः निर्णय करणारा नागरिक आहे व त्यासाठी त्याला विश्वसनीय माहिती हवी असते, अशी भूमिका या बदलामागे होती.

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने (१९५२–५४) मोठ्या भांडवलाच्या पत्रांपुढे लहान पत्रे टिकावीत म्हणून पृष्ठसंख्या व किंमत यांची सांगड घालण्याची शिफारस केली. तदनुसार १९५६ मध्ये अधिनियम झाला व १९६० मध्ये आदेश निघाला. त्यास सकाळने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. किंमत वाढविण्यास किंवा पाने कमी करण्यास भाग पाडल्यास खप घटतो व विचारांचा प्रसार आकुंचित होतो. म्हणून असे बंधन अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारे आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. किती वाचकांपर्यंत पोहोचावे हादेखील वृत्तपत्रस्वातंत्र्याचा भाग होय, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले.

लोकमताचे दोन कौल : संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांच्या मराठा या दैनिकाने (स्थापना १९५६) लोकभावनेला आक्रमक वाचा दिली. या काळात वृत्तपत्र व चळवळ यांतील सीमारेषा जवळजवळ पुसली गेली. गोव्यात मात्र निराळे चित्र दिसले. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे की नाही, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. गोमन्तक हे मराठी दैनिक विलीनीकरणाचा पुरस्कार करीत होते, तर राष्ट्रमत या मराठी दैनिकानेच त्याविरुद्ध प्रभावी प्रचार केला. संघप्रदेश स्वतंत्र ठेवण्याच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. वृत्तपत्राची भाषा एक असली, म्हणजे तिच्या वाचकांचे राजकीय मतही एकच असते, हे गृहीतक या निकालाने खोटे ठरविले.

आणीबाणी : २५ जून १९७५ रोजी जाहीर झालेल्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणीचे बंधन आले. १९६६ मध्ये स्थापन झालेली भारतीय वृत्तपत्र परिषद बरखास्त करण्यात आली. बहुतेक मोठ्या दैनिकांनी बंधने मुकाट्याने पाळली. त्यामानाने अल्प खपाच्या नियतकालिकांनी अधिक धैर्य दाखविले. पुण्याच्या साधना साप्ताहिकाने शासकीय कारवाईविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. मुंबईच्या फ्रीडम फर्स्ट या इंग्रजी मासिकाच्या वतीने मिनू मसानी यांनी लढविलेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये पूर्वतपासणी अधिकाऱ्याचे आदेश रद्द ठरविले. साधनासारख्या पत्राचे वाचक थोडे असले, तरी ते ध्येयनिष्ठेने त्याच्याशी बांधलेले होते. याउलट मोठ्या पत्रांचे हितसंबंध जाहिराती, कागदाचा कोटा व मालकांचे अन्य उद्योग यांत गुंतलेले होते. १९७८ च्या अधिनियमान्वये वृत्तपत्र परिषद पुन्हा अस्तित्वात आली. मात्र तिला ठपका ठेवण्यापलीकडे दंडात्मक अधिकार नाहीत.

जाहिरात आणि विश्वासार्हता : लोकसत्ता (१९४८), महाराष्ट्र टाइम्स (१९६२), लोकमत (दैनिक, १९७१) इ. दैनिकांच्या काळात खप वाढला, जिल्हावार आवृत्त्या निघाल्या आणि वृत्तपत्र सामान्य घरांत पोहोचले. तथापि अंकाची किंमत त्याच्या निर्मितिखर्चाहून पुष्कळ कमी राहिली आणि उरलेला खर्च जाहिरातींतून भागू लागला. वर्गणीदाराने वर्गणी थकविली तर पत्र बुडत असे. आता जाहिरातदाराने पाठ फिरविली तर ते बुडू लागले. यातून वाचकास पत्र स्वस्त मिळाले, पण त्यावरील त्याचा हक्क क्षीण झाला.

याचा गंभीर परिणाम २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उघड झाला. उमेदवारांची स्तुती करणारा, कित्येकदा शब्दशः सारखाच मजकूर भिन्न दैनिकांतून बातमी म्हणून प्रसिद्ध झाल्याचे आढळले. पैसे घेऊन छापलेल्या अशा बातम्यांच्या चौकशीसाठी वृत्तपत्र परिषदेने द्विसदस्य उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल परिषदेने २०१० मध्ये संपूर्ण प्रसिद्ध न करता संक्षिप्त अहवाल स्वीकारला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये मूळ अहवाल लोकांसमोर आला. जाहिरातीला वाचक जाहिरात म्हणून ओळखतो व तिचे मोल त्याप्रमाणे ठरवितो. तीच बातमीच्या वेषात आली, म्हणजे मतदार या नात्याने त्याला करावयाचा निर्णयच दूषित होतो. म्हणून या प्रकारात फसवणूक झाली ती मुख्यतः वाचकाची.

२००७ पासून चोवीस तास चालणाऱ्या मराठी वृत्तवाहिन्या व त्यानंतर भ्रमणध्वनीवरील वार्तासेवा यांमुळे बातमी पोहोचण्याचा वेग वाढला. कोणासही स्वतःचे मत तत्काळ प्रसिद्ध करणे शक्य झाल्याने दीनबंधु किंवा मूकनायक यांच्या संस्थापकांना भेडसावणारी मुद्रणाची व भांडवलाची अडचण पुष्कळ अंशी दूर झाली आहे. मात्र कोल्हापूर प्रकरणाने पुढे आणलेला पडताळणीचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही; उलट बनावट मजकूर पसरणे सुकर झाल्याने तो अधिक तीव्र झाला आहे.

मराठी वृत्तपत्रांच्या सु. दोन शतकांच्या वाटचालीत त्यांच्यावरील निर्बंधांचा इतिहास विस्ताराने लिहिला गेला. वाचकांचा त्यामानाने थोडा. वृत्तपत्राचे सामर्थ्य संपादकाच्या लेखणीइतकेच वर्गणी भरणारा, पत्र लिहिणारा, जामीन राहणारा व संप करणारा समाज यांच्यातून आलेले आहे. जेव्हा एखाद्या समाजगटाला विद्यमान वृत्तपत्रांत स्थान मिळाले नाही, तेव्हा त्याने स्वतःचे पत्र काढले आणि ‘लोक’ या संज्ञेची व्याप्ती वाढविली. वृत्तपत्राच्या खर्चाचा भार कोण उचलतो आणि त्याच्या पानांवर कोणाला जागा मिळते, या दोन गोष्टींवरून कोणत्याही काळातील वृत्तपत्र व समाज यांच्या संबंधांचे स्वरूप निश्चित करता येते.